ऑस्करचे सिनेमे पाहिले आणि माझी जुनी वही आठवली



मागचे दोन आठवडे चॅनेलवर नवीन व्हिडिओ आला नाही. बऱ्याच जणांनी काळजीने विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. खरं सांगायचं तर मी सिनेमे बघत होतो.

झालं असं, की चॅनेलचं एडिटिंग माझा भाचा करतो आणि तो पक्का सिनेमावेडा आहे. ३ मार्चला पहाटे साडेपाचला त्याने मला हलवून उठवलं आणि ऑस्करच्या सोहळ्यासमोर बसवलं. अमेरिकेत तेव्हा २ मार्चची संध्याकाळ होती. सूत्रसंचालक कोनन ओब्रायनने मध्येच हिंदीत दोन वाक्यं बोलून आपल्या नाश्त्याची चौकशी केली, तेवढंच मला नीट कळलं. बाकी कोणाला बक्षीस मिळालं, कोणाचं हुकलं, याचं मला सोयरसुतक नव्हतं, कारण त्यातला एकच सिनेमा मी पाहिला होता. मग भाच्याने यादी केली आणि पुढचे काही आठवडे आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की सिनेमा सुरू.

आधीच सांगतो, मी समीक्षक नाही. सिनेमा चालू असताना मी मोबाईल किती वेळा हातात घेतला, यावरून तो आवडला की नाही हे ठरवणारा माणूस आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय ते एका साध्या प्रेक्षकाचं मत समजा. "ऑस्कर सिनेमांतून बिझनेसचे पाच धडे" असा व्हिडिओ करायचा मोह झाला होता, नाही म्हणत नाही. थंबनेलही डोक्यात तयार होतं. पण ते का केलं नाही, ते पुढे कळेल.

२०२५ च्या त्या ऑस्करमध्ये सगळ्यात जास्त नामांकनं, म्हणजे १३, 'एमिलिया पेरेझ'ला होती. गँगस्टर, गाणी, नाच, सगळं एकाच भांड्यात. आमच्या सौ. चाळीस मिनिटांनी उठून झोपायला गेल्या, मी तासाभराने. तेरापैकी बक्षिसं मिळाली दोन. 'विकेड' मुलीला फार आवडला, मला त्यातले कपडे आणि सेट आवडले (ऑस्करही त्यांनाच मिळाले), पण पावणेतीन तास बसवून अर्धीच गोष्ट सांगायची हे काही पटलं नाही. 'ड्यून : पार्ट टू' मी आधीच थिएटरात पाहिला होता. वाळूच्या त्या आवाजासाठी तो मोठ्या पडद्यावरच बघायला हवा. 'द सबस्टन्स' जेवताना बघू नका, एवढंच सांगतो. 'अ कम्प्लीट अननोन'ला आठ नामांकनं आणि बक्षीस एकही नाही, मला तो बरा वाटला. 'निकल बॉईज' अजून राहिलाय.

'कॉन्क्लेव्ह' मात्र जरूर बघा. नव्या पोपची निवड, बंद दरवाजे, लाल झग्यातले कार्डिनल, आणि कोण कोणाच्या बाजूने याची कुजबुज. तुमच्यापैकी ज्यांनी पतसंस्थेची किंवा हाउसिंग सोसायटीची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना पहिल्या दहा मिनिटांत घरच्यासारखं वाटेल. आणि 'आय ॲम स्टिल हिअर' हा ब्राझीलचा सिनेमा. १९७१ साली लष्करी राजवटीतले लोक घरातल्या कर्त्या माणसाला उचलून नेतात आणि तो परत येत नाही. मागे बायको आणि पाच मुलं. बँकेत पैसे आहेत, पण नवऱ्याच्या सहीशिवाय ते निघत नाहीत. सौ. तिथे माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपल्या करंट अकाउंटला नॉमिनी कोण आहे?" दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आलो. तुम्हीही जाऊन या.

आता मुद्द्याच्या सिनेमाकडे येतो. 'अनोरा'. याला पाच ऑस्कर मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही. गोष्ट ब्रुकलिनमधल्या अनीची आहे. ती क्लबमध्ये नाचते, पैसे घेऊन सोबत करते. घरच्यांबरोबर बसून बघायचा सिनेमा नाही. मी भाच्याबरोबर बसलो होतो, पहिला अर्धा तास आम्ही दोघेही पंख्याकडे बघत होतो. तिला एका अतिश्रीमंत रशियन माणसाचा लाडावलेला मुलगा भेटतो आणि आठवडाभर माझ्यासोबत राहा म्हणतो. तो दहा हजार डॉलर देऊ करतो, ती पंधरा मागते, तो लगेच हो म्हणतो. सौदा ठरल्यावर ती हसून सांगते, मी दहातही तयार झाले असते. तो म्हणतो, तुझ्या जागी मी असतो तर तीसच्या खाली आलो नसतो.

मी तो सीन तीनदा मागे नेऊन पाहिला. भाव ठरवण्यावर मी दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतो, पण गिऱ्हाईकाचा खिसा न बघता स्वतःच्याच गरजेवरून भाव सांगण्याची आपली सवय इतक्या कमी वेळात कुणी दाखवली नव्हती. पुढे त्याचे आईवडील माणसं पाठवतात, लास वेगासमध्ये झालेलं लग्न मोडायला लावतात, आणि तिच्या हातावर ठेवायची रक्कम ठरते दहा हजार. ती रक्कम ऐकताना अनीचा चेहरा बघा. मायकी मॅडिसनला अभिनयाचा ऑस्कर मिळाला, तो योग्यच आहे.

हा सिनेमा साठ लाख डॉलरमध्ये झाला, म्हणजे आपले साधारण पन्नास कोटी. आपल्याला पन्नास कोटी ऐकून चक्कर येते, पण 'ड्यून : पार्ट टू'चा खर्च त्याच्या तीसपट होता. दिग्दर्शक शॉन बेकर. हाच माणूस, ज्याने २०१५ साली 'टँजरीन' नावाचा अख्खा सिनेमा आयफोनवर शूट केला होता. 'अनोरा' त्यानेच लिहिला, त्यानेच दिग्दर्शित केला, एडिटही त्यानेच केला आणि निर्मात्यांतही तो होता. चारही कामांसाठी त्याला एकाच रात्री चार पुतळे मिळाले. एकाच सिनेमासाठी एका माणसाला एका रात्रीत चार ऑस्कर, हे त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी खूश. म्हटलं, हाच आपला व्हिडिओ. एकटा मालक, चार माणसांचं काम, शेवटी यश. मी भाच्याला म्हटलंही, "बघ, असा पाहिजे उद्योजक."

भाचा काही बोलला नाही. त्याने मोबाईलवर बेकरचं एक भाषण लावून दिलं. ऑस्करच्या आठवडाभर आधी स्पिरिट ॲवॉर्ड्स नावाचा, छोट्या बजेटच्या सिनेमांचा सोहळा झाला, त्यातलं. तिथेही त्याला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं होतं. आणि तो माणूस आनंद साजरा करायचं सोडून हिशेब सांगत उभा होता. असा सिनेमा करायला तीन-तीन वर्षं जातात. त्यातला बराच काळ पगार नाही. शेवटी जे मानधन मिळतं त्यातून एजंटचे, वकिलांचे पैसे जातात. जे उरतं त्याला तीन वर्षांनी भागा म्हणाला. आमच्या मालावर बाकी सगळ्यांचे रोजगार चालतात आणि आम्ही मात्र कसेबसे दिवस काढतो, असं त्याचं म्हणणं होतं. 'अनोरा'ने जगभरात साडेपाच कोटी डॉलरच्या वर धंदा केला आहे, हे लक्षात ठेवून ते भाषण ऐका.

भाषण संपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आपल्या चॅनेलच्या कॉस्टिंगमध्ये एडिटिंग किती धरलंय?"

मी विषय बदलला. खरंच बदलला. "चल, पुढचा लाव," म्हणालो.

पुढचा होता 'द ब्रुटलिस्ट'. साडेतीन तासांचा सिनेमा, मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर सिनेमातच धरलेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावणीतून वाचलेला लास्लो टोथ नावाचा हंगेरियन आर्किटेक्ट अमेरिकेत येतो. (माणूस काल्पनिक आहे, मी आधी खराच समजलो होतो.) फिलाडेल्फियात त्याच्या चुलत भावाचं फर्निचरचं दुकान आहे. पाटी 'मिलर अँड सन्स'. हा मिलर कोण, तर कोणीच नाही. आणि सन्सही नाहीत. इथल्या लोकांना घरचा धंदा आवडतो म्हणून तसं नाव ठेवलंय! मी खो-खो हसलो. आपल्याकडेही अशा पाट्या कमी नाहीत.

त्या दुकानाला एका श्रीमंताच्या लायब्ररीचं काम मिळतं. काम सांगणारा मुलगा आहे, वडील गावाला गेलेत, त्यांना सरप्राईज द्यायचंय. लास्लो जीव ओतून काम करतो. पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून कपाटांना पंख्यासारखी उघडणारी दारं करतो. वडील अचानक घरी येतात, माझ्या घरात हे काय चाललंय म्हणून आरडाओरडा करतात आणि सगळ्यांना हाकलून देतात. मुलगा राहिलेले पैसे द्यायला नकार देतो. चुलत भावाशीही बिनसतं आणि लास्लो कोळसा उपसायच्या कामाला लागतो. पुढे ती लायब्ररी एका मोठ्या मासिकात छापून येते, तेव्हा तोच वडील, व्हॅन ब्युरेन, त्याला शोधत येतो, पैसे देतो आणि भलंमोठं काम देतो.

इथपर्यंत मी आरामात बघत होतो. घर कोणाचं, ऑर्डर कोणाची, सही कोणाची, हे आधी बघा, असं मनातल्या मनात तुम्हाला सांगतही होतो. मग ते मोठं काम सुरू होतं. खर्च वाढतो, मालकाची माणसं काटछाट सुचवतात, इमारतीची उंची कमी करा म्हणतात. लास्लोला ते सहन होत नाही. तो म्हणतो, माझ्या मानधनातून कापा, पण डिझाईनला हात लावू नका.

मी पॉज केलं आणि पाणी प्यायला उठलो.

नवीन वाचकांना माहीत नसेल, प्रशिक्षक व्हायच्या आधी सहा वर्षं माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ग्रिल, जिने, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या. तेव्हा एका बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्यांचं काम आलं होतं. माझं कोटेशन चार लाख ऐंशी हजारांचं. समोरच्याने सव्वाचार म्हटलं. मला ते काम हवंच होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्या खिडक्या दिसणार होत्या. मी जे बोललो ते मला अक्षरशः आठवतंय. "साहेब, माझी मजुरी सोडतो, मटेरियल आणि पोरांचे तेवढे द्या." त्याने ते फार प्रेमाने मान्य केलं. पैसे मात्र आठ महिन्यांनी, तुकड्या-तुकड्याने मिळाले.

माझी त्या वेळची वही अजून आहे. रात्री सिनेमा अर्धवट ठेवून मी ती माळ्यावरून काढली. पाईप, पट्टी, वेल्डिंग रॉड, डिस्क, काच, गॅस्केट, टेंपोभाडं, लाईटबिल, जागेचं भाडं, वेल्डरचा पगार, हेल्परचा पगार, चहा. चहासुद्धा आहे हो त्यात! रोजचा, कटिंगसकट. नाही ते फक्त माझं नाव. शेवटी "नफा" म्हणून एक आकडा लिहिलाय, सरासरी महिन्याला अकरा हजार. वेल्डरला मी देत होतो पंधरा हजार, आणि त्याच्यापेक्षा दोन तास जास्त काम करायचो.

म्हणजे मी स्वतःला माझ्याच वेल्डरचा पगार दिला असता, तर वर्कशॉप दर महिन्याला चार हजार तोट्यात होतं. सहा वर्षं मी तोट्यातला धंदा नफ्यातला समजून चालवला. बंद केलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, मार्केट पडलं. तुम्हालाही एका व्हिडिओत तेच सांगितलं आहे. तो व्हिडिओ आता काढून टाकणार आहे.

या सिनेमाचा दिग्दर्शक ब्रेडी कॉर्बेट. सात वर्षं लागली त्याला हा सिनेमा करायला, आणि इतका भव्य दिसणारा सिनेमा त्याने एक कोटी डॉलरच्या आत केला. ऑस्करच्या आधी एका मुलाखतीत तो म्हणाला होता, की शेवटच्या दोन सिनेमांतून त्याच्या हातात एक डॉलरही पडलेला नाही, पोर्तुगालला जाऊन तीन जाहिराती केल्या तेव्हा कुठे बऱ्याच वर्षांनी पैसे दिसले. मानधन सोडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्यानेच मानधन सोडलेलं.

आता कोणी म्हणेल, सर, पण त्यांना ऑस्कर मिळाला ना! एड्रियन ब्रोडीला अभिनयाचा, शिवाय कॅमेऱ्याला, संगीताला. मिळाला. सुरुवातीला आपण सगळेच अंग मोडून, फुकट राबतो, आणि ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तो आकडा लिहून ठेवा ना. सूट द्यायची तर पूर्ण बिल लिहा, त्याखाली "सूट" असं लिहून मग रक्कम कमी करा. म्हणजे समोरच्यालाही कळेल आपण काय सोडलं आणि सहा महिन्यांनी आपल्यालाही कळेल.

गेल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण देतो. चकल्या करतात, उत्तम करतात. भाजणी, तेल, गॅस, पिशवी, स्टिकर धरून किलोला २३० रुपये खर्च, विक्री ३२० ला. "सर, किलोमागे नव्वद सुटतात." मी विचारलं, किती वेळ लागतो? पाच किलोला सहा तास. म्हणजे सहा तासांचे ४५० रुपये. मग विचारलं, तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर चकली पाडायला बाई किती घेईल? म्हणाल्या, तासाला ८० तरी घेईलच. सहा तासांचे झाले ४८०. ताई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण सर, ते तर मीच करते ना!"

मी तेव्हा वर्गात मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं होतं. तुमच्या जागी दुसरं माणूस ठेवायचं झालं तर काय द्यावं लागेल, तोच तुमचा पगार, आणि तो खर्चात धरून त्याच्यावर नफा. सगळ्यांनी लिहून घेतलं.

शेवटचे दोन सिनेमे लहान आहेत, पण मला सगळ्यात जास्त आवडले. 'अनुजा' हा बावीस मिनिटांचा लघुपट, नामांकन होतं, बक्षीस हुकलं. दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी. धाकटी अनुजा नऊ वर्षांची, गणितात भलतीच हुशार. तिला शाळेच्या परीक्षेला बसवायला चारशे रुपये हवेत. मोठी बहीण कारखान्यातल्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवते आणि दोघी त्या विकायला निघतात. चारशे रुपये! हा सिनेमा तुमच्या मुलांना नक्की दाखवा.

आणि 'फ्लो'. लाटव्हिया नावाच्या छोट्या देशातला ॲनिमेशनपट, ज्यात एकही शब्द नाही. पूर आलाय, माणसं नाहीत, एक काळं मांजर होडीत चढतं आणि तिथे एक कॅपिबारा, एक कुत्रा, एक लेमूर, एक मोठा पक्षी असे सगळे एकमेकांना सहन करत राहतात. 'इनसाइड आउट २' सारख्या वीस कोटी डॉलरच्या सिनेमाला मागे टाकून याने ऑस्कर घेतला. याचा खर्च पस्तीस लाख युरो, आणि बनवलाय ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर, जे कोणालाही फुकट मिळतं. लाटव्हियाचा हा पहिलाच ऑस्कर. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस याने आधीचा 'अवे' हा सिनेमा एकट्याने केला होता, अगदी संगीतासकट, साडेतीन वर्षं बसून. 'फ्लो'साठी त्याला पहिल्यांदाच टीम घ्यावी लागली. मांजराला इतरांबरोबर राहायला शिकावं लागतं, ती माझीच गोष्ट आहे, असं तो सांगतो.

'फ्लो' संपला तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. भाचा पडद्यावरची नावं शेवटपर्यंत बघत बसला होता. तो नेहमीच बघतो. मीच मग विषय काढला. "एका व्हिडिओला तुला किती तास लागतात रे?"

"बारा-चौदा. सबटायटल असले की सोळा."

महिन्याला चार व्हिडिओ. दीड वर्ष. मी त्याला काय दिलं? एक हेडफोन, दिवाळीला कपडे आणि "घरचाच आहे" हे प्रशस्तिपत्रक. मी म्हटलं, कागदावर आकडा लिही. त्याने बराच वेळ पेन फिरवलं आणि लिहिलं, बारा हजार. मला अनी आठवली. विचारलं, "आठ म्हटलं असतं तर?" तो हसला, "तरी केलं असतं मामा."

आता मी वीस म्हणालो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण चॅनेल आणि कार्यशाळा मिळून मागच्या महिन्यात हॉल, चहा-नाश्ता, छपाई, इंटरनेट वगैरे जाऊन माझ्या हातात उरले होते सव्वीस हजार. त्यातून बारा गेले की राहतात चौदा. माझ्या जागी दुसरा प्रशिक्षक ठेवायचा झाला तर चौदा हजारांत कोणी येणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. मी स्वतः दोघांना विचारून पाहिलंय.

म्हणून भाच्याचे बारा हजार एप्रिलपासून सुरू झालेत आणि जूनच्या बॅचची फी १,५०० वरून २,२०० होतेय. ज्यांनी जुन्या फीवर नाव नोंदवलं होतं त्या सगळ्यांना मी स्वतः फोन करतोय. आतापर्यंत अकरा जणांशी बोललो. सात जण येतायत, तिघांनी नाही म्हटलं, आणि चकलीवाल्या ताईंनी फोनवरच विचारलं, "सर, यात तुमचा पगार धरलाय ना?"